अडुसष्टाव्या वर्षी क्लीनर

पुणे शहरात आजवर जे अपघात झाले नाहीत, त्यातले निम्मे तरी आमच्या हिच्या काकांमुळे झाले नाहीत, असं माझं ठाम मत आहे आणि त्यासाठी मी कोणाशीही भांडायला तयार आहे. हिचे काका म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे काका. खडकीला लष्कराच्या डेपोत त्यांची उभी हयात गेली, आणि त्यातली वीस वर्षं नव्या ड्रायव्हरांना जड गाड्या शिकवण्यात. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली म्हणतात. पण निवृत्त केलं ते डेपोनं, काका कुठले निवृत्त व्हायला! रस्त्यावरची प्रत्येक गाडी आपल्याच परवानगीनं चालते अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे. रिक्षात बसण्याआधी ते रिक्षावाल्याला ब्रेक दाबून दाखवायला सांगतात. खडकी बाजारातले रिक्षावाले त्यांना लांबून ओळखतात आणि मीटर बंद करून दुसरीकडे बघत बसतात.

माझी त्यांची पहिली भेट झाली ती माझ्याच वरातीत. मी फुलांनी सजवलेल्या गाडीत फेटा सावरत बसलोय, बँडवाले सज्ज, आणि पांढऱ्या कडक इस्त्रीच्या शर्टातले एक गृहस्थ पुढच्या चाकापाशी उकिडवे बसून टायरवरून बोट फिरवतायत! मला वाटलं, यांचं काही पडलंय. ते उठले, बोट रुमालाला पुसलं, काचेवर टकटक केली आणि म्हणाले, "जावईबापू, खाली उतरा. टायर गुळगुळीत आहे आणि मुलगी आमची आहे." अर्धा तास वरात थांबली. बँडवाल्यांनी तेवढ्यात वडापाव उरकले, माझ्या वडिलांचा पारा चढला, आणि काका आपले गाडीच्या ड्रायव्हरला चाक कसं बदलायचं ते समजावतायत, तेही "आपण जरा डावीकडे सरकता का" अशा भाषेत. ड्रायव्हरला 'अरे' म्हटलेलं त्यांना खपत नाही. ज्याच्या हातात चार माणसांचा जीव आहे त्याला 'अहो'च म्हणायचं, हा त्यांचा नियम आहे.

माझ्या गाडीत ते माझ्या डाव्या हाताला बसतात. त्या बाजूला ब्रेक नसतो हे सगळ्या जगाला माहीत आहे, फक्त काकांच्या पायाला माहीत नाही. प्रत्येक चौकात तो पाय असा काही दाबला जातो की त्या बाजूचं मॅट मी दोनदा बदललं! काकूंना स्कूटर शिकवायला घेतली तेव्हा सहा आठवडे त्यांनी इंजिनच सुरू करू दिलं नव्हतं. बंद स्कूटर ढकलत काकू खडकीची गल्लीन् गल्ली हिंडल्या. शेवटी वैतागून म्हणाल्या, "लग्न दहा मिनिटांत ठरवलंत, मग या डबड्यालाच एवढा विचार कशाला?" काका शांतपणे म्हणाले, "लग्नात घाई झाली, म्हणूनच." भीमजयंतीच्या मिरवणुकीचा ट्रकही काकांनी खालून-वरून तपासल्याशिवाय हलत नाही. मंडळाची पोरं आता सकाळीच ट्रक त्यांच्या दारात आणून लावतात आणि हात जोडून म्हणतात, "जयभीम काका, पास करून टाका."

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. मग आमच्या सोसायटीच्या नामदेवचं प्रकरण उपटलं.

नामदेव म्हणजे आमचा वॉचमन. भोरकडचा, पस्तिशीतला, घरी बायको आणि शाळेत जाणाऱ्या दोन मुली. गावाकडे टेम्पो चालवलेला, त्यामुळे आता ट्रक ड्रायव्हर व्हायचं त्यानं मनावर घेतलं. एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं, आणि थोड्याच दिवसांत जड वाहनाचं लायसन्स घेऊन पठ्ठ्या पेढे वाटायला हजर! नेमके काका आमच्याकडे आलेले. पेढा उचलत त्यांनी विचारलं, "ट्रक किती दिवस चालवलात?"

"तीन येळा बसलो की काका. मैदानावर."

"आणि रिव्हर्स?"

"ते पुढच्या हप्त्यात म्हणले. अन् पुढच्या हप्त्यात सर्टिफिकिटच हातात दिलं."

काकांनी पेढा परत ताटलीत ठेवला. नामदेवचा चेहरा एवढासा झाला. मला काकांचा असा राग आला! गरीब माणूस आनंदानं पेढे घेऊन आलाय, एक खाल्ला असता तर काय बिघडलं असतं?

पण काका बरोबर होते हे पंधरा दिवसांत कळलं. नामदेव वॉचमनची नोकरी सोडून एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे लागला होता. एका संध्याकाळी सोसायटीकडचा राहिलेला पगार न्यायला आला आणि जिन्यात भेटला तेव्हा त्याचा डावा कान लालबुंद होता. मी त्याला घरात बसवलं आणि काकांना फोन लावून स्पीकरवर टाकला. शेठनं त्याला शिकायला म्हणून एका जुन्या ड्रायव्हरच्या, म्हणजे उस्तादाच्या हाताखाली दिलं होतं. उस्तादानं काय शिकवावं? ट्रक धुवायला, चहा आणायला आणि पाय चेपायला! स्टिअरिंग दिवसातून दहा मिनिटं. त्यात गियर खरडला की कानफटात. "त्येंनीबी मार खाऊनच शिकलंय म्हणत्यात," नामदेव खाली बघत म्हणाला. ड्रायव्हिंगची म्हणून एकच विद्या उस्तादानं दिली होती. उतार लागला की गाडी न्यूट्रलला टाकायची, डिझेल वाचतं, शेठ खूश होतो. आणि आता येत्या सोमवारपासून शेठ त्याला एकट्याला पाठवणार होता. शिरवळहून फरश्या भरायच्या, कात्रजच्या बोगद्यातून पुण्याचा तो मोठा उतार उतरायचा आणि हिंजवडीला एका इमारतीवर माल टाकायचा.

तो उतार आम्हा पुणेकरांना माहीत आहे. भरलेला ट्रक तिथे न्यूट्रलला टाकला की सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि मग लागतच नाहीत. पुढे काय होतं ते दर काही दिवसांनी पेपरात येतं.

"सोडून द्या ती नोकरी," मी म्हणालो.

"सोडून जाऊ कुठं साहेब? दुसऱ्या शेठकडं बी ह्येच हाय." हे बोलताना त्याच्या हातातली कपबशी वाजत होती.

काका फोनवर एवढे कडाडले की हीसुद्धा स्वयंपाकघरातून बाहेर आली. "थरथरणाऱ्या हाताला मारून थरथर जाते का? वाढते! वीस वर्षं शिकवलं मी, एकावर हात उगारला नाही!" मग एकदम शांत झाले आणि त्यांनी त्या ट्रान्सपोर्टचा पत्ता विचारला. मी घाबरलो. शांत झालेले काका जास्त धोकादायक असतात.

दुसऱ्या दिवशी हिनं मला त्यांच्यासोबत पिटाळलं, भांडण सोडवायला. भांडण कसलं! कडक इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट अशा थाटात काका शेठसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "आपल्याकडे क्लीनरची जागा आहे का?"

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी."

शेठनं आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे बघितलं. मी आढ्याकडे बघितलं. "वय काय तुमचं?"

"अडुसष्ट. क्लीनरचा अनुभव नाही, पण शिकायची तयारी आहे. पगार नको. फक्त त्या नामदेवरावांच्या गाडीवर द्या."

फुकटचा माणूस कोण सोडतो? शेठनं ठेवून घेतलं. पुढचे चार दिवस त्या आवारात जे चाललं ते बघायला मी ऑफिसातून लवकर सुटून जायचो, आणि हिंजवडीहून लवकर सुटणं म्हणजे काय हे तिथे नोकरी करणाऱ्यालाच कळेल. काका पोतं अंथरून ट्रकखाली निजलेत आणि नामदेवला ब्रेक दाखवतायत! मागे उभे राहून "येऊ द्या, येऊ द्या, डावीकडे घ्या, बास!" म्हणत ट्रक रिव्हर्स घ्यायला शिकवतायत! कोणाला संशयच येईना, कारण ते क्लीनरचंच काम. उस्ताद तंबाखू मळत फिदीफिदी हसायचा. शेठ केबिनमधून ओरडायचा, "ए म्हाताऱ्या, टायर ठोकून बघ!"

"'अहो म्हातारे' म्हणा," काका हातोडी उचलत म्हणायचे, "लगेच ठोकतो."

सोमवारी मी रजा टाकली. कारण काय दिलं ते विचारू नका. शिरवळहून फरश्या भरून आम्ही निघालो तेव्हा केबिनमध्ये तिघं होतो. स्टिअरिंगवर नामदेव, मध्ये काका, खिडकीशी मी. बोगदा संपला आणि समोर तो उतार पसरला. खाली सगळं पुणं दिसत होतं आणि आज माझाच पाय नसलेल्या ब्रेकवर दाबला गेला.

"ज्या गियरमध्ये हा चढ चढला असतात," काका म्हणाले, "त्याच गियरमध्ये उतरायचं. ब्रेकला नुसती आठवण करून द्यायची."

नामदेवनं गियर खाली घेतला. इंजिन गुरगुरायला लागलं आणि एवढं धूड असं सावकाश उतरायला लागलं की बस्स! मागून हॉर्नचा कल्लोळ सुरू झाला. एका गाडीवाल्यानं शेजारी येऊन काच खाली केली आणि नामदेवच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. नामदेवचा डावा हात गियरकडे गेला, तिथेच घुटमळला. काका दोन्ही हात मांडीवर ठेवून समोर बघत होते. त्यांनी त्याला अडवलं नाही. मलाच ओरडावंसं वाटत होतं! हात परत स्टिअरिंगवर आला.

तेवढ्यात शेठचा फोन. क्लीनरनं उचलला. "ड्रायव्हर साहेब गाडी चालवतायत. उतार संपला की आपल्याला फोन करतील." पलीकडचा आवाज मलासुद्धा ऐकू येत होता. गाडी अजून उतारावरच कशी, न्यूट्रल टाकायला सांग, नाहीतर उद्यापासून येऊ नको म्हणावं त्याला! "निरोप देतो," काका म्हणाले, "उतार संपल्यावर." आणि फोन खिशात टाकला.

उजवीकडून दुसरा एक ट्रक आम्हाला मागे टाकून गेला. त्याच्या इंजिनाचा आवाज जवळजवळ नव्हताच, चाकांमधून धूर निघत होता आणि जळका वास थेट केबिनमध्ये आला. खाली पोचलो तेव्हा तो ट्रक दुभाजकावर चढून अडकलेला दिसला. ड्रायव्हर शेजारी डोकं धरून बसला होता, धडधाकट होता, बरं का. पण आम्ही मात्र बोटभर ओरखडा न येता पोचलो होतो! मी तर टाळ्या पिटल्या.

नामदेवनं गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि कपाळ स्टिअरिंगवर टेकलं. काकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "नामदेवराव, शेठचा निरोप आहे. तुमची नोकरी गेली."

नामदेवनं डोकं वर केलं. त्या धडकलेल्या ट्रककडे बघितलं. "गेली तर गेली," तो म्हणाला, "पर मी हाय न्हवं?" आणि असा रडला की माझ्याही डोळ्यांना पाणी आलं. काका म्हणाले, "चला, फरश्या वेळेवर पोचवायच्यात." त्या त्यानं पोचवल्या, आणि इमारतीच्या त्या बोळकांडीत ट्रक एका दमात रिव्हर्स घेतला.

आता नामदेव एका दुधाच्या टँकरवर आहे आणि तिथले लोक बरे आहेत. काकांचं मात्र यंदा लायसन्स वाढवून मिळालं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मान हलवली. हल्ली ते रिक्षात गप्प बसतात, आणि ते गप्प बसलेले मला बिलकूल आवडत नाहीत.

गेल्या रविवारी मी खडकीला गेलो होतो तेव्हा नामदेवचा फोन आला. काकांनी स्पीकर लावला. "काका, माझ्या हाताखाली नवा माणूस दिलाय शिकायला. पयल्यांदा त्याला काय सांगू?"

मी खुर्ची सरसावून बसलो. आता दोन तासांची निश्चिंती!

"सांगू काही नका," काका म्हणाले. "पोटात काही आहे का, तेवढं विचारा. मी शिकत होतो तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं."

काकू दारात थबकल्या. हे त्यांनाही नवीन असावं.

पलीकडून नामदेवचा आवाज आला, पण तो आमच्याशी बोलत नव्हता. "सकाळपास्नं काय खाल्लंय का तुम्ही?" त्यावर कोणीतरी अगदी हळू काहीतरी म्हणालं. "मग चला की आधी," नामदेव म्हणाला. टँकरचं दार उघडल्याचा आवाज आला, मग लागल्याचा. फोन केबिनमध्येच राहिला होता, तो बंद करायचं नामदेवच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. मी हात पुढे केला, तर काकांनी मला खुणेनं थांबवलं आणि त्या रिकाम्या केबिनचा आवाज ते तसाच ऐकत बसले.