उलटा वेढा

चाळीस वर्षं मोटारींचं वाइंडिंग करून हात काळे केलेल्या ताईला अडाण्यांचा राग कधीच आला नाही. तिला तिटकारा होता तो अतिशहाण्यांचा. आणि त्यांतला पहिल्या नंबरचा म्हणजे तिचा सख्खा धाकटा भाऊ.

बँकेतून निवृत्त झाल्यावर या महाशयांनी मागच्या खोलीत कारखाना थाटला. लेथ काय, ड्रिल काय, भिंतभर पाने काय! बाहेर काय पडलं? एक स्टूल. तेही डुगडुगणारं.

आता आठवडाभर लेथ लावला की व्होल्टेज पडत होतं. साहेबांनी बटणं बदलली, दोन स्टॅबिलायझर आणले, बिचाऱ्या लेथची मोटारही खोलून पाहिली. शेवटी ताईला फोन.

"लाव लेथ," ताई आल्या आल्या म्हणाली.

लेथ कण्हला. कारखान्यातल्या मीटरचा काटा दोनशेतीसवरून एकशेसत्तरवर उतरला. पुढच्या खोलीत मात्र ट्यूब भगभगली आणि आईचं श्वासाचं मशीन टीं टीं ओरडायला लागलं. तिथल्या मीटरचा काटा दोनशेपंचाहत्तरवर.

"बघ, आईकडे उलट भरपूर येतंय!" भाऊ खुशीत म्हणाला.

"भरपूर? नळाचं पाणी आहे का ते, मेल्या? बंद कर आधी! मशीन जळलं तर आईला श्वास काय तुझा स्टॅबिलायझर देणार?"

तिने आईला उशाशी ठेवलेल्या ऑक्सिजनच्या सिलिंडरची नळी लावली. सिलिंडर तासाभराचा. आईने डोळे उघडून दोघांकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले.

"एकीकडे पडतं, दुसरीकडे चढतं, म्हणजे दोन्ही फेजची परतीची सामाईक तार, न्यूट्रल, सैल. शिकाऊ पोरालाही कळतं हे. तुला बोर्ड उघडायचं सुचलं नाही? काय पण दिवे लावलेस!"

ताईने मेन स्विच पाडला आणि बोर्डाचं झाकण काढलं. न्यूट्रलचा स्क्रू काळाठिक्कर पडला होता. तार स्क्रूभोवती उलट्या बाजूने गुंडाळलेली. स्क्रू आवळावा तशी ती बाहेरच सरकणार.

"कुठल्या गाढवाने हा उलटा वेढा..."

तिची नजर स्वतःच्या हातावर गेली. स्क्रूड्रायव्हर तिच्या डाव्या हातात होता. घरात डावखुरी ती एकटीच. काम शिकवणारे उस्ताद डाव्या हाताच्या याच वेढ्यावरून तिच्या बोटांवर पट्टी मारायचे. घर बांधलं तेव्हा वायरमनला हाकलून देऊन हा बोर्ड तिनेच जोडला होता.

तिने जळकं टोक छाटलं, तार सुलट गुंडाळली, नवा स्क्रू घट्ट आवळला. मेन चढवला, लेथ लावला. दोन्ही काटे जागच्या जागी राहिले. आईचं मशीन सुरू झालं.

"सगळं खोललंस," ती भावाकडे न बघता म्हणाली, "बोर्ड तेवढा का नाही?"

"तो तू जोडला होतास ना, ताई," भाऊ म्हणाला. "त्यात काय बघायचं?"