दाजींना गोड कोण देतंय?

ताई माझ्याशी शेवटचं बोलली, ते काही मायेचं नव्हतं. दवाखान्यात नाकाला नळी, हाताला सुई, छातीवर वायरी... आणि तिने मला खुणेने जवळ बोलावलं. मला वाटलं, आता काहीतरी निरवानिरवीचं बोलेल. तर नळी बाजूला सारून म्हणाली, "तुझ्या दाजींवर लक्ष ठेव. त्यांना अजून कोणीतरी गोड देतंय." दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या हृदयाने दगा दिला. महिना उलटून गेला, पण ते वाक्य काही माझी पाठ सोडत नाही.

माझी ही थोरली बहीण जन्माचीच संशयी. गॅसचं सिलिंडर आलं की आधी वजन करून घ्यायची आणि मगच त्या माणसाला पाणी विचारायची. एकदा केवायसीसाठी बँकेतून खरोखरच फोन आला, तर तिने त्या पोरीला पोलिसात देण्याची भाषा केली. मग खातं बंद पडलं आणि लिफ्ट बिघडलेली असताना म्हातारा-म्हातारी चार जिने उतरून बँकेत गेली. मी हसले की म्हणायची, "हस तू. फसलीस की रडत माझ्याकडेच येशील." आणि खरं सांगते, जायचेही. मीही काही फार वेगळी नाही. आमच्या घराण्यातच ते आहे.

दाजी ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झाले आणि इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये मधुमेह घेऊन बसले. तोवर सगळं ठीक होतं. मग नवी चप्पल चावली आणि बोटाशी एवढीशी जखम झाली. ती भरेना. डॉक्टरांनी बजावलं की साखर उतरली नाही तर बोट काढावं लागेल, आणि उद्या कदाचित पायही. ताईने घरातली साखर त्याच दिवशी मोलकरणीला देऊन टाकली. भाताला कुलूप लागलं, आंबा दारातून परत गेला. तरी साखर चढतीच! उपाशीपोटी तपासली तर बरी निघायची आणि नाश्त्यानंतरची भलतीच. ताईने मशीन बदललं, लॅब बदलली, आणि शेवटी अनुमान काढलं. दाजी सकाळी पायाला पट्टी बांधून काठी टेकत मंदिरापर्यंत जायचे, तेव्हाच कोणीतरी त्यांच्या तोंडात काहीतरी घालतं.

आता हे कोणीतरी कोण? शेजारच्या देवरे वहिनी रोज सकाळी त्याच मंदिरात नैवेद्याचा डबा घेऊन जात. झालं! दाजी परतले की ताई दारातच त्यांच्या तोंडाचा वास घ्यायची, सदऱ्याचा खिसा उलटा करायची. पुजाऱ्याला सांगून प्रसाद बंद केला. दोनदा तर मला खांबाआड उभं केलं होतं पाळतीवर. मी काही पाहिलं नाही, पण घरी येऊन म्हणाले, "बाई मोठी साळसूद दिसते गं." मलाही त्या डब्याचा संशय येऊ लागला होता.

दाजींचं बोट काढलं. त्यानंतर ताईने देवरे वहिनींचं तोंड पाहिलं नाही. संक्रांतीला त्या तिळगूळ घेऊन आल्या, तर हिने जाळीच्या दारातूनच त्यांना परत पाठवलं. आपलं काय चुकलं ते विचारायला बिचाऱ्या पुन्हा आल्या, तेव्हा तर हिने टीव्हीचा आवाज वाढवला. खरं कारण त्यांना पुढे पुजाऱ्याकडून कळलं. सतरा वर्षांचा शेजार तिथे संपला.

उत्तरकार्य आटोपलं, भाचा बेंगळुरूला परत गेला आणि मी दाजींपाशी राहिले. लक्ष ठेव म्हणाली होती ना ती... पहिल्याच सकाळी चहा ठेवताना मला ओट्यावर एक वाटी दिसली. काळ्या मनुका पाण्यात फुगून टम्म झालेल्या. मी विचारलं, या कोणी भिजवल्या? दाजी म्हणाले, "मीच. सवय झालीये. ती रोज उठल्याबरोबर द्यायची, पाण्यासकट."

मी चहाखालचा गॅस बंद केला. पिंपळगावकडे आमच्या माहेरच्या द्राक्षबागा. भाऊ दर उन्हाळ्यात मनुकांची पिशवी पाठवतो. आमच्या आईने आम्हाला बाळंतपणात, तापात, अशक्तपणात हेच दिलं. मनुका म्हणजे आमच्याकडे औषध, रक्त वाढवणारं, जखम भरणारं. त्याला गोड कोण म्हणेल? अख्ख्या जगावर संशय घेणाऱ्या ताईने माहेरच्या पिशवीवर मात्र कधी घेतला नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

बोट काढायच्या वेळी डॉक्टरांनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा कळलं म्हणाले. तेव्हाच बंद करायला सांगितलं होतं. मग फेकून का नाही दिल्या, तर म्हणे ती समोर बसायची, वाटी रिकामी झाल्याशिवाय उठायची नाही. "आणि सांगणार काय? तुझ्या हातानेच माझं बोट गेलं, असं? तिला ते सोसलं नसतं."

मला रडू फुटलं आणि रागही आला. म्हटलं, दाजी, तुम्ही तिला जपलंत, पण ती शेजारची बाई तुमच्या डोळ्यांदेखत विनाकारण चोर ठरली, तिचं काय? ते हळूच म्हणाले की ताई गेली, आता मागे तिचं नाव कशाला खराब करायचं. तिचं नाव मलाही जपायचं नाही का? माझीच ना ती बहीण! पण मी वाटी मोरीत ओतली आणि पदराने तोंड पुसून बाहेर पडले. आज हे छापायला देतेय तेही दाजींना वाचून दाखवूनच. ते नाही म्हणाले नाहीत.

देवरे वहिनींची बेल वाजवली. आम्हा बहिणींचा चेहरा एकसारखा, उभं राहण्याची ढबही तीच. त्यांनी दार उघडलं, मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढे पालथे-उताणे करून दाखवले. म्हणाल्या, "नाही हो बाई, मी त्यांना काही देत नाही. आता तर मी त्या मंदिरातही जात नाही."

"माहीत आहे," मी म्हणाले, आणि त्यांचे ते हात धरूनच आत गेले.