तिसरी चक्कर

माझा धाकटा भाऊ मिलिंद गेल्याचा फोन आला, तेव्हा आम्ही गॅसचा सिलेंडर बदलत होतो. सून मीनल भिंतीवरच्या कार्डातली एकेक कृती मोठ्यानं वाचत होती आणि मी तसं करत होते. दोन ओळी झाल्या आणि फोन वाजला. पुण्यात त्याच्या घरीच, झोपेत गेला म्हणे… रेग्युलेटर ओट्यावर तसाच टाकून आम्ही दोघी पुण्याला निघालो.

ते कार्डही त्याचंच. आम्ही महूच्या छावणीतले, आजोबा फौजेत, म्हणजे घरात शिस्त होतीच; पण वैमानिक झालेल्या या पोराची तऱ्हाच वेगळी. ट्रेनिंगच्या सुट्टीत तो इंदूरला छत्रीबागेत माझ्याकडे यायचा, डब्यांची झाकणं मांडून त्यांनाच लीव्हर मानायचा आणि मी पोळ्या लाटता लाटता त्याची चेकलिस्ट वाचायची. माझी शाळा चौथीत सुटली, पुढचं वाचन पुड्यांच्या कागदांवर. म्हणून त्यानं सगळं देवनागरीत लिहून दिलेलं. "फ्लॅप्स?" असं मी विचारायचं, त्यानं झाकण सरकवून उत्तर द्यायचं. फ्लॅप्स म्हणजे पंखाच्या मागच्या फळ्या. उतरताना त्या बाहेर आल्या की विमान कमी वेगातही तरंगतं, हे त्यानंच समजावलेलं. मध्येच दूधवाला आला की हा म्हणे, "पहिल्यापासून." मी चिडायची. "अरे, पाठ आहे ना तुला?"

"पाठ असलेलंच आधी निसटतं, ताई."

आणि मग तो दिवस. मुंबईहून इंदूरला येत होते, विमान चालवणारा मिलिंदच, मी पंखाजवळच्या खिडकीत. खाली यशवंतसागर तलाव दिसला, चाकं उतरल्याचा आवाज आला. पण त्या फळ्या जराशा सरकल्या आणि तिथंच थांबल्या. "फ्लॅप्स?" मी मनात विचारलं… उत्तर नाही. विमान पुन्हा वर चढलं. शेजारी देपालपूरचे एक धान्यवाले शेठजी, ते म्हणाले, "ट्रैफिक होगा, माताजी." मी हो म्हटलं. त्यांना सांगून काय करणार होते? थोड्या वेळानं मिलिंदचा आवाज आला, अगदी रोजच्यासारखा. पंख का एक हिस्सा पूरा नहीं खुल रहा, जाँच पूरी करके ज़रा तेज़ रफ़्तार से उतरेंगे. शेठजी जपाला लागले. तळं दुसऱ्यांदा दिसलं, मग तिसऱ्यांदा. मागून कुणी तरी कुरकुरलं, "अब उतार भी दो भिया, कितना घुमाओगे." माझ्या मनात एकच चाललेलं: वाच बाबा, तू तुझं वाच.

उतरलो तेव्हा जमीन झपाट्यानं मागं पळत होती. ब्रेक लागले तसे सगळे पुढं ओढले गेलो, आणि धावपट्टी संपायच्या आत विमान थांबलं. सगळे उतरल्यावर मी दाराशी त्याला गाठलं. पाठीवर शर्ट चिकटलेला.

"घाबरलास का रे?"

"वाचत होतो. घाबरायला वेळ कुठं होता?"

"आणि ती तिसरी चक्कर?"

"निम्मं वाचून झालं आणि खालून कंट्रोल टॉवरनं काही तरी विचारलं. मग पहिल्यापासून."

दुसऱ्याच दिवशी त्यानं माझ्या स्वयंपाकघरात गॅसचं हे कार्ड लावलं. एकानं वाचायचं, एकानं करायचं. मी हसले होते तेव्हा…

आठवड्यानं पुण्याहून परतलो. रेग्युलेटर ओट्यावर तसाच. मीनल डोळे पुसून कार्डासमोर उभी राहिली.

"आई, दोन ओळी झाल्या होत्या ना. तिसरीपासून वाचू?"

"नको," मी म्हटलं. "मध्ये फोन आला होता."