समुद्राकाठची बहीण

पाचाडला गडाच्या पायथ्याशी तुळसाची खानावळ. गड उतरून आलेली माणसं पाय पसरून पिठलं-भाकरी खायची आणि निघताना हमखास विचारायची, "मावशी, समुद्र इथून किती लांब? रिसॉर्ट नको, कुणाच्या घरी साधी खोली मिळेल का?"

हे ऐकलं की तुळसा मुद्दाम चुलीकडे वळायची. कारण तशी खोली होती. श्रीवर्धनच्या बाजूला, तिच्याच धाकट्या बहिणीची.

दर्शनाचं लग्न ठरलं तेव्हा सगळ्यांना तिची कीव आली होती. कौलारू घर, चार माड आणि दारात नुसती वाळू. तुळसाला भातशेतीचं घर मिळालं म्हणून आई सुखावली होती. आता त्याच वाळूवर दर्शनाने झावळ्यांनी शाकारलेल्या तीन खोल्या उभ्या केल्या, आणि मुंबई-पुण्याची माणसं महिनाभर आधी फोन करून यायला लागली. पाहुण्यांसोबत हसतानाचे तिचे फोटो मोबाइलवर यायचे. तुळसा ते पुन्हा पुन्हा बघायची आणि मग दिवसभर कुणाशी धड बोलायची नाही.

एका दुपारी तिच्या ओळखीतले महाडचे निवृत्त शिक्षक कमलाकर आणि त्यांची बायको सुमेधा जेवायला आले.

"तुमची बहीण समुद्राकाठी असते ना?" सुमेधाबाईंनी विचारलं. "आमची सोय होईल का तिच्याकडे?"

"नाय हो बाई. बंद केलंय तिनं. होतं तवा तरी काय, संडास पण धड नाय. तुमी आपलं रिसॉर्टलाच जावा."

आपण इतक्या सफाईने बोललो याचं तिचं तिलाच नवल वाटलं. तिने दोघांच्या ताटात आणखी एकेक भाकरी वाढली.

पंधरा दिवसांनी दर्शनाचा फोन आला. रिसॉर्टच्या गाण्यांच्या धांगडधिंग्याला कंटाळून कमलाकर आणि सुमेधाबाई किनाऱ्याने चालत सुटले होते, तळलेल्या मासळीच्या वासाने नेमके तिच्याच अंगणात शिरले होते आणि दुसऱ्या दिवशी बॅगा घेऊन तिथेच राहायला आले होते.

"आक्का, माझं घर बंद हाय म्हणालीस?" दर्शनाने विचारलं. "एकदा तरी आलीस काय गो बघायला?"

फोन बंद झाला.

मंगळवारी खानावळ बंद ठेवून तुळसा एसटीत बसली. आपण भांडायला निघालोय की माफी मागायला, तिलाच कळत नव्हतं. पोचली तेव्हा दर्शना पाहुण्यांच्या चादरी पिळत होती. मागच्या पडवीत, सरपणाच्या ढिगाशेजारी, तिची आणि नवऱ्याची वळकटी होती.

"हितं झोपतेस?"

"मे महिन्यात. घर पाहुण्यांचं असतं तवा."

तुळसाने चादरीचं दुसरं टोक धरलं. "मी खोटं बोलले."

"ठावं हाय."

"का ते तरी इचार."

"ते पण ठावं हाय."

माडांमधून समुद्र लखलखत होता. पडवी बघूनही तुळसाची नजर पुन्हा तिकडेच गेली. "अजून जळतंय गो माझं," ती म्हणाली.

दर्शना हसली. "जळू दे. नंबर तेवढा देत जा लोकान्ला."

पुढच्या रविवारी पुण्याच्या चार पोरींनी तोच प्रश्न विचारला. तुळसाने कागदावर नंबर लिहून दिला.

"घर कसं आहे, मावशी?"

"घर बेस हाय. पण माझ्यासारखं रांधता नाय येत तिला," असं म्हणून तुळसाने पिठल्याचं पातेलं त्यांच्यापुढे सरकवलं.