ओरडणाऱ्या डॉक्टरांचा दवाखाना

सफाळ्याच्या डॉ. दिनानाथ सावे यांच्याकडे पेशंट औषधाला कमी आणि बोलणी खायला जास्त यायचे. तापाची गोळी काय, कुठेही मिळते हो. पण "मरायचंय का तुला? आधी सांगायचंस, हार घेऊन ठेवला असता," हे ऐकायला स्टेशनाजवळच्या त्या दोन खोल्यांतच यावं लागे. बाहेर पडलेला पेशंट अभिमानाने सांगे, आज डॉक्टर जाम ओरडले. म्हणजे तपासणी नीट झाली.

मुलगा ललितही डॉक्टर झाला, पण स्वभाव आईवर, विजयाबाईंवर गेलेला. पेशंटने महिनाभर गोळ्या घेतल्या नसल्या तरी हा म्हणणार, "हरकत नाही, आता घ्या." पेशंट खरंच हरकत नाही असं समजून घरी जाई. असल्या देवमाणसाच्या हाती दवाखाना सोपवायचा कसा, या काळजीने दिनानाथांची झोप उडाली होती. त्यात बोईसरच्या एका कंपनीने कामगारांसाठी एआयवर चालणारं यंत्र घ्यायचं ठरवलं. लक्षणं तेच विचारणार, रिपोर्ट तेच वाचणार, औषधही तेच सुचवणार. डॉक्टरने फक्त बघून मान्य म्हणायचं. त्या नोकरीसाठी ललितला बोलावणं आलं.

"मी जातो, बाबा," ललित जेवताना म्हणाला. "जनरल प्रॅक्टिसमध्ये आता राहिलंय काय? मी सांगणार ते यंत्र माझ्याआधी सांगतं."

"खरंय. आणि तुझ्याइतकंच गोड बोलून," दिनानाथ म्हणाले. ललितला ते लागलं. विजयाबाईंनी न विचारता दोघांच्या ताटात भात वाढला.

हात बसावा म्हणून ललितने कंपनीकडून यंत्राचा टॅब मागून दवाखान्यातच आणून ठेवला. माकुणसारच्या इंदुबाईंचं प्रेशर बघून यंत्र म्हणालं, "कृपया मीठ आणि सुकी मासळी कमी करावी." सल्ला शंभर नंबरी. इंदुबाई तडक दिनानाथांसमोर येऊन बसल्या.

"डॉक्टर, तुमचा तो डबा जाम गरीब हाय. असं सांगून आमी बोंबील सोडू काय? तुमी बोला जरा."

दिनानाथ बोलले. शेजारच्या दुकानात ऐकू जाईल इतकं बोलले. इंदुबाईंनी कान पकडून बोंबील सोडले.

"हे शीक," दिनानाथ मुलाला म्हणाले. ललितने प्रामाणिकपणे प्रयत्न केला. कुंभवलीचा कैलास डायबेटिसच्या गोळ्या टाळायचा, त्याच्यासमोर ललित कसाबसा म्हणाला, "कैलास, हे... हे बरं नाही हं." कैलासने काळजीने विचारलं, "सर, तुमची तब्येत बरी नाय का?" दिनानाथांनी कपाळावर हात मारला.

शनिवारी दुपारी ललित जेवायला गेला. दिनानाथांना आठवडाभर जिना चढताना धाप लागत होती, छाती जड वाटत होती. घरी सांगायची सोय नव्हती. विजयाबाईंनी जीव खाल्ला असता. त्यांनी गुपचूप टॅब पुढे ओढला आणि सगळं सांगितलं.

"कृपया आत्ताच हृदयरोगतज्ज्ञांना भेटा," यंत्र म्हणालं.

"बघू."

"कृपया उशीर करू नका."

"सोमवारी बघू म्हटलं ना."

"आपली अडचण समजू शकतो. तरीही कृपया..."

दारात ललित उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"किती दिवस चाललंय हे?"

"आठवडा. तसं विशेष काही..."

"लाज नाही वाटत? जन्मभर लोकांवर ओरडलात आणि स्वतःचं सोमवारी बघू? सोमवारी मी कुणाला बाबा म्हणू? खबरदार एक पाऊल चाललात तर. गाडी दाराशी आणतोय, आणि एक शब्द बोललात तर उचलून आत टाकीन." बाहेर बाकावरचे पेशंट आपोआप ताठ बसले.

चाळीस वर्षांत दिनानाथांशी असं कुणी बोललं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले, थोडे भीतीने आणि बरेचसे आनंदाने. गाडीत बसल्यावर त्यांना राहवलं नाही. "बोईसरला कधी जाणार आहेस?"

"मग इथं कोण बसणार, तुम्ही? गप्प बसा, धाप लागतेय."

आणि डॉ. दिनानाथ सावे यांनी जन्मात पहिल्यांदा डॉक्टरांचं ऐकलं.