उंबऱ्याबाहेरच्या गजराबाई

सासूबाईंच्या दहाव्याला अख्खं ब्राह्मणपुरी गाव लोटलं होतं. जो येई तो एकच बोले, "गजराबाई म्हणजे वाघीण! भीती म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं बाईला." मी परसात भांडी विसळत ऐकत होते. मनात म्हटलं, बोला बाबांनो, तुमच्या जिभेला काय हाड आहे? अहो, सगळ्या शहादा तालुक्यात त्यांच्याइतकी भित्री बाई शोधून सापडली नसती. आणि त्या भित्र्या होत्या म्हणूनच माझी नणंद आज नातेवाइकांना चहा देत फिरते आहे.

तापाच्या मोठ्या साथीत सासरे गेले, तेव्हा बाईंच्या पदरात दोन लेकरं होती. माझे मालक गिरधर, आणि त्यांच्या पाठची धनु, ती तर अंगावर पिणारी. दीर म्हणाले, डोकं झाकून चुलीशी बस. बाईंनी ऐकलं नाही. पोरं आईकडे ठेवली, धुळ्याला जाऊन नर्सचं काम शिकल्या आणि शहाद्याच्या दवाखान्यात लागल्या. भाऊबंदांनी त्यांचं पान पंगतीत बाजूला मांडलं. कुठंही हात घालते म्हणे! पण सून अडली की हेच भाऊबंद दमणी जुंपून दारात हजर. बाई मुकाट्यानं लुगड्याचा काष्टा घट्ट करायच्या आणि निघायच्या. मी असते तर आधी चार शब्द सुनावले असते, मग निघाले असते.

तर तो छत्तीस सालचा माघ. धनुबाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आईच नर्स, मग काळजी कसली? मी खुशाल अंगणात वाळक्या मिरच्यांचे देठ खुडत बसले होते. नंदुरबारच्या बाजाराला आमची गाडी जायची होती. हात मनगटापर्यंत भगभगत होते, पण त्याची सवय असते आम्हाला.

दुपारी सासूबाई आल्या त्या फाटकाशीच थांबल्या. मळ्यातल्या एका बाळंतिणीला ताप भरला होता. गावची दाई आणि त्या, दोघी तिच्या उशापायथ्याशी होत्या. ती बाळंतीण सकाळी गेली. सासूबाईंचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"निर्मला, वरून पाणी घाल. मला शिवू नकोस," त्या म्हणाल्या. "आणि धनुच्या खोलीत मी येणार नाही. त्या बाईचा ताप माझ्या हातावर आहे."

"हात तर धुतलेत तुम्ही!"

"धुळ्याला मी असेच धुतले होते," त्या म्हणाल्या. "एकीला ताप होता, तिच्याकडून उठून दुसरीकडे गेले. दुसरीही गेली. तिसरी बाळंतीण माझ्यापासून लांब ठेवली तेव्हा वाचली."

मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. स्वच्छ, गोरेपान हात. मी तांब्या उंच धरला.

आणि नशीब बघा, त्याच वेळी आतून धनुबाईनं हाक मारली. कळा सुरू झाल्या होत्या, ठरल्यापेक्षा आधी. मालकांना दुसरी नर्स आणायला शहाद्याला पिटाळलं, पण कळा काही त्यांची वाट बघणार नव्हत्या. दाईचेही हात त्याच तापातले. शेजारच्या काकू आल्या, पण त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. त्या धनुबाईचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. राहिले कोण? मी. मला स्वतःला मूल नव्हतं. गाय विताना बघितलेली, तीही लांबून.

"मी नाही करणार आत्याबाई! माझ्या हातून मेली तर?"

"आणि माझ्या हातून मेली तर?" त्या एवढंच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "हात दाखव. सकाळपासून काय करत होतीस?"

"मिरच्या खुडत होते."

"अरे देवा!" त्यांनी डोळे मिटले. एका हातावर ताप, दुसऱ्यावर तिखट, असे आम्ही घरातले हात!

मग सुरू झालं. आधी गोडं तेल चोळ. मग कढत पाणी, मग कार्बोलिकचा साबण. "आता बोट डोळ्याला लाव," त्या म्हणाल्या. लावलं, आणि माय गं! डोळ्यात निखारा पडल्यासारखी मी नाचले. "तुझ्या डोळ्याला हे, तर तिला काय होईल? परत तेल लाव." आतून धनुबाई ओरडत होती, मी रडत रडत हात घासत होते, आणि परत परत डोळ्याला बोट लावत होते. शेवटी डोळ्याला नुसतं ओलं लागलं, तेव्हा त्यांनी मला आत सोडलं.

त्या उंबऱ्याबाहेर बसल्या, दाराकडे पाठ करून. "तोंड आत केलं तर मी धावत येईन," म्हणाल्या. "काय दिसतं ते तू सांग. घरची कात्री आणि दोरा उकळू दे."

धनुबाईला काही कळत नव्हतं. तिला फक्त आईची पाठ दिसत होती, आणि ती आईला आत बोलावत होती.

"माय, मझार ये ना व! मन्हा आंगले हात लाव!"

"नही बेटा. मन्हा हातवर ताप शे."

"मी मरी गयी तरी येवाव नही?"

सासूबाईंनी दोन्ही हात काखेत दाबून धरले. काकू मात्र बोलल्या, "कसली आई म्हणावी ही! दगड आहे दगड." मला त्यांचं थोबाड रंगवावंसं वाटलं, पण माझे हात धुतलेले होते.

डोकं दिसायला लागलं तशी माझी बोबडी वळली. डोकं बाहेर आलं, आणि मानेभोवती काहीतरी निळसर, जाड.

"आत्याबाई, गळ्याला फास आहे! नाळ आहे!"

मी म्हटलं, संपलं. मग त्या बोलल्या, पण आवाज कसा कापत होता! "ओढू नकोस. बोट घाल तिच्याखाली. सैल आहे?"

"थोडी आहे."

"डोक्यावरून काढ. टोपडं काढतात तशी. हळू, निर्मला, हळू."

निघाली. बाळही सुळकन बाहेर आलं, मुलगी, जांभळी, लुळी. रडेना. "तोंड पूस! पाठ चोळ! जोरानं!" मी चोळत होते, पुसत होते आणि खंडेरावाला शिव्या देत होते, देवाधर्माचं भानच नव्हतं. मग ते कोकरासारखं एकदा कुरकुरलं, आणि असं रडलं की अंगणातल्या कोंबड्या उडाल्या. बाहेर सासूबाईंनी उंबऱ्यावर डोकं टेकलेलं मला दिसलं. मालक नर्सला घेऊन पोचले ते नाळ कापून झाल्यावर.

भीती संपली असं तुम्हाला वाटेल. खरी भीती तर पुढेच. आता ताप आला असता तर तो माझ्या हातांचा असता ना! सासूबाई गोठ्यात राहायच्या, वेगळ्या ताटात जेवायच्या. उजाडलं की दारातून एकच प्रश्न, "अंग तापलं?" आणि एके सकाळी धनुबाईचं अंग खरंच तापलेलं. मी धावत दाराशी गेले आणि सांगितलं.

"पोट दाबलं तर दुखतं? घाण वास येतो?" त्यांनी विचारलं. ओठ पांढरे पडले होते.

"नाही."

"छाती?"

"दगडासारखी झालीय."

"मग दुधाचा ताप आहे. पोरीला पाजायला लाव." एवढं बोलून त्या तिथंच मातीत फतकल मारून बसल्या. संध्याकाळपर्यंत अंग निवलं.

पाचवीची पूजा झाली, बारसं झालं, गाव जेवून गेलं. आजी बाहेरच. धनुबाई आईशी बोलत नव्हती. मी समजावलं तर म्हणायची, "वहिनी, तुमची आई नाही तुम्हाला ओरडत सोडून बसली."

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी लांब राहायला सांगितलेली मुदत सरली, तशा सासूबाई न्हाऊन, धुवट लुगडं नेसून दाराशी आल्या. पाय उंबऱ्यावर ठेवला आणि मागे घेतला. "आजचा दिवस राहू दे," त्या म्हणाल्या. "उद्या बघू."

धनुबाई खाटेवरून बघत होती. ती उठली, पोरगी उचलली, उंबरा ओलांडून बाहेर आली आणि म्हणाली, "धर माय."

सासूबाईंनी नातीला घेतलं, पण कसं? दोन्ही कोपरांवर, तळवे बाहेर उलटे करून, बोटसुद्धा लागू नये असं. हजारो लेकरं झेललेली बाई, आणि तिला तान्हं धरता येईना!

मग धनुबाईनं आईचा एक तळवा धरला, बळेबळे सरळ केला आणि पोरीच्या टाळूवर ठेवला. वर स्वतःचा हात दाबून धरला, सुटू नये म्हणून. सासूबाई तेव्हा मोठ्यानं रडल्या. सासरे गेले तेव्हाही रडल्या नव्हत्या म्हणतात.