आईला न रुचलेली नोकरी

सिंगापूरच्या तुआस भागातल्या प्रयोगशाळेत माझं काम होतं गाळाचं. शहराचं मैलापाणी शुद्ध केल्यावर जो काळा गाळ उरतो, तो आम्ही तापवून निर्धोक करायचो आणि मग जिवाणू सोडून आंबवायचो. शेवटी हाती यायचा काकवीसारखा तपकिरी द्रव. तो पाण्यात थोडासा मिसळून मातीत घातला की रोपांची मुळं जोमानं वाढत. मला या कामाचं भारी कौतुक. कुणी विचारायचा अवकाश, मी भर जेवणात सुरू व्हायचे आणि नवरा डोळे वटारायचा.

आई गावाहून आमच्या चोआ चू कांगच्या फ्लॅटवर राहायला आली. जन्मभर तिनं नगरपालिकेची गटारं साफ केली होती, पण मला घरातल्या झाडूलाही हात लावू दिला नव्हता. समोरच्या ब्लॉकमधली मराठी बाई बँकेत होती. ती इस्त्रीच्या कपड्यांत निघाली की आई खिडकीतून बघत बसायची. मला वाटलं, माझं काम पाहिल्यावर तिला माझा अभिमान वाटेल. म्हणून हट्टानं तिला प्रयोगशाळेत नेलं.

आमचा द्रव घातलेल्या कुंडीतली मिरची शेजारच्या मिरचीच्या दुप्पट झाली होती. ती आईनं पाहिली न पाहिल्यासारखी केली. मग गाळाच्या पिंपाचं झाकण उघडायला लावलं. नाकाला पदर न लावता ती तशीच उभी राहिली.

"एवढं शिकवलं ते ह्याच्यासाठी?"

"आई, हे वेगळं आहे गं. हातमोजे असतात, यंत्रं असतात."

"वास तोच आहे."

घरी आल्यावर तिनं माझा पांढरा कोट हातानं धुतला. वाळल्यावर पुन्हा धुतला. मला फार लागलं. ती परत गेल्यावर फोनवर जेवणाखाण्याचं विचारायची, नोकरीचं कधीच नाही.

पुढच्या वर्षी आई गेली. मी गावी पोचले तेव्हा सगळे माझ्यासाठीच थांबले होते. तिच्याबरोबर काम केलेल्या बायका माझ्याभोवती जमल्या. एका मावशीनं माझे हात हातात घेऊन तळवे कुरवाळले.

"किती मऊ हात गं! तुझी आई सगळ्यांना सांगायची, पोरगी सिंगापूरच्या बँकेत आहे, काचेच्या खोलीत बसते. बँकेनं सुट्टी दिली ना बाई लगेच?"

मला आईचा राग आला आणि रडूही आलं. ती समोरच निजली होती.

"दिली, मावशी," मी म्हणाले.